ड्रॅगनचं वशिंड

चारुशीलाने ते पुस्तक शाळेच्या वाचनालयातून घरी आणलं आणि त्या दिवसापासून नागपूरच्या महाल भागातल्या तिच्या गल्लीत कुणालाही धड जेवता आलं नाही. आईला पोळ्या लाटताना ड्रॅगन ऐकावा लागे. बाबांना दाढी करताना दीपगृह ऐकावं लागे. शेजारच्या यमुताई चाळणी मागायला आल्या, दोन प्रकरणं ऐकून बसल्या आणि चाळणी न घेताच घरी गेल्या.

पुस्तकाचं नाव होतं 'शेवटच्या दीपगृहातला ड्रॅगन'. म्हणजे नाव इंग्रजीच होतं, पुस्तकही इंग्रजीच होतं, आणि हीच तर मोठी गंमत! नववीतल्या, मराठी शाळेतल्या चारुशीलाने अख्खं इंग्रजी पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन एकटीने वाचून काढलं होतं. तेव्हापासून ती चालायचीसुद्धा वेगळी. मान वर, वेण्या मागे, आणि डोळ्यांत असा भाव की आता कुणी फ्रेंच पुस्तक दिलं तर तेही बघून घेईन.

गोष्ट अशी. समुद्राच्या टोकाला एक दीपगृह आहे. तिथलं तेल संपलंय, रखवालदार पळून गेलाय, म्हणून एक म्हातारा ड्रॅगन रोज संध्याकाळी फुंकर मारून दिवा पेटवतो. गावाला मात्र वाटतं की जहाजं हाच बुडवतो. गाव भाले घेऊन येतं. टिल्डा नावाची मुलगी दारात आडवी उभी राहते आणि ड्रॅगनला म्हणते, 'जा, उडून जा.' तो समुद्रावरून उडत जातो. आणि पुस्तकाचं शेवटचं वाक्य येतं : 'तो दिवा मग कुणीही विझवला नाही.' इंग्लंडमध्ये म्हणे हे वाक्य माहीत नाही असं एकही मूल नाही. चारुशीला दर वेळी इथे येऊन रडायची आणि मग डोळे पुसून ज्याला त्याला बजावायची, "तो मरत नाही बरं का. लक्षात ठेवा. मरत नाही."

हे सगळ्यात जास्त वेळा ऐकलं ते गिरिधरमामाने, कारण त्याचा फोटो स्टुडिओ तिच्या शाळेच्या वाटेवर होता. मामा लग्नाचे फोटो काढायचा. त्याने फोटो काढलेली माणसं नेहमी जरा उजवीकडे कललेली दिसायची, पण मामाचं म्हणणं होतं की तीच त्याची शैली आहे. त्याच्याकडे आठ मिलिमीटरचा एक सिनेमाचा कॅमेराही होता. तो चालवला की चटणीचा पाटा ओढावा तसा आवाज यायचा.

एके दिवशी मामाने तिला स्टुडिओत ओढूनच नेलं. हातात छायाचित्रणाचं एक मासिक होतं.

"चारू, हे वाच. हौशी लोकांसाठी आंतरराष्ट्रीय चित्रपट स्पर्धा. परदेशात! विषय कोणता, माहीत आहे? मुलांचं एखादं गाजलेलं पुस्तक. आता सांग, या गल्लीत गाजलेलं पुस्तक कोणतं?"

"माझं!"

"मग लिही संवाद. तू लेखिका आणि तूच टिल्डा."

चारुशीला घरी उडतच गेली. त्या आठवड्यात तिने गणिताकडे ढुंकून पाहिलं नाही. टिल्डाचे संवाद, ड्रॅगनचे संवाद, गावकऱ्यांचे संवाद, समुद्राचा एक छोटासा संवाद, असं सगळं लिहून ती मामापुढे उभी राहिली. मामाने चष्मा पुसला.

"छान लिहिलंस गं. पण या कॅमेऱ्यात आवाज येत नाही."

"म्हणजे?"

"मुका आहे तो."

"मग लिहायला काहून सांगितलंस?"

"लेखिका असावी लागते ना सिनेमाला," मामा म्हणाला.

शेवटी ठरलं की अगदी जरुरीचं तेवढं पाटीवर इंग्रजीत खडूने लिहायचं आणि पाटी कॅमेऱ्यापुढे धरायची. आता राहिला पैशाचा प्रश्न. रंगीत फिल्मचं रीळ म्हणजे देवदुर्लभ वस्तू, तेव्हा मामा वामनरावांकडे गेला. वामनराव संत्र्याचे मोठे आडते. आवाज असा की लिलावात बोली लावली की पलीकडच्या दुकानातली कबुतरं उडायची. त्यांनी गोष्ट ऐकून घेतली, पान लावलं, आणि अटी घातल्या.

"हे पाय गिरिधर, पिच्चर जगात जाणार. मंग संत्री पायजेत. नागपूरचा पिच्चर आन् संत्री नाही, लोक काय म्हणतीन?"

"संत्री घालू," मामा म्हणाला.

"दुसरं, हीरो आमचा अनंता."

अनंत म्हणजे वामनरावांचा मुलगा, दहावीतला. दिवाळीत टिकल्या फुटल्या तरी कोठीघरात जाऊन बसणारा.

"पुस्तकात हीरो नाहीये, काका," चारुशीला म्हणाली. "टिल्डा आहे."

"तं घाल ना एक. पुस्तकात जागा नसन, पिच्चरमंदी तं आहे. आन् तिसरं." वामनरावांनी पान गालात सरकवलं. "थो ड्रॅगन मेला पायजे."

चारुशीलाला कुणी थोबाडीत मारावी तसं झालं.

"तो मरत नाही! तीच तर गोष्ट आहे!"

"पोरी, फॉरेनच्या लोकायले फायटिंग लागते. येवढा मोठा ड्रॅगन आणला, आन् थो नुसता उडून गेला? पैसे वापस मागतीन लोक!"

"काका, मी टिल्डा करणार नाही मग."

"नोको करू. सावनेरहून माही भाची आणतो, सुभद्रा. गोरी बी आहे."

मामाने चारुशीलाच्या पायावर पाय दिला. तिने मनात शपथ घेतली की जीव गेला तरी ड्रॅगनचा जीव जाऊ द्यायचा नाही.

परदेशी प्रेक्षकाला खरोखर काय आवडतं यावर पुढे पुष्कळ वाद झाला. अखेर मामाच्या डोक्यात आलं की त्यालाच विचारू. आता महालात परदेशी माणूस कुठून आणणार? पण होता एक. गल्लीच्या तोंडाशी पहारा करणारा थापा! तो नेपाळचा, म्हणजे रीतसर परदेशी. त्याला स्टुडिओत खुर्चीवर बसवलं, चहा दिला, आणि चारुशीलाने हिंदीतून सगळी गोष्ट सांगितली. थापा चहा विसरला.

"तो बताओ थापाजी," मामाने विचारलं, "आखिर में ड्रॅगन को मारें या छोड़ें?"

"बूढ़ा है ना साबजी?"

"हाँ."

"और दिया वही जलाता है?"

"वही."

"तो उसको मारने का बात आपके दिमाग में आया कैसे?" थापाने विचारलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली, जणू ड्रॅगन वारलाच होता.

चारुशीला धावतच वामनरावांकडे गेली. "काका, आंतरराष्ट्रीय प्रेक्षकांना ड्रॅगन जिवंत हवाय!"

"कोण प्रेक्षक?"

"थापा."

"हॅट! नेपाळ काय फॉरेन होय? तिकडं तं बसनं जाता येते."

चित्रीकरण सुरू झालं. समुद्र नव्हता, म्हणून सगळे बसने कोराडीला गेले. वीजकेंद्राची उंच चिमणी हे दीपगृह ठरलं आणि राखेचं पाणी साठतं ते तळं म्हणजे समुद्र. मामा म्हणाला की इंग्लंडचा समुद्र असाच करड्या रंगाचा असतो, त्याने चित्रात पाहिलंय. संत्र्यांचा हंगाम यायचा होता, झाडावर नुसती हिरवी फळं. मग त्यांना शेंदरी रंग दिला. टिल्डाच्या टोपलीतल्या संत्र्यांचा रंग तिच्या फ्रॉकला, फ्रॉकचा हातांना, हातांचा गालांना लागला आणि सगळ्या सिनेमाभर टिल्डा गोवर निघाल्यासारखी दिसली. अनंताला पत्र्याची तलवार दिली होती. ती उपसताना पहिल्यांदा त्याचंच बोट कापलं आणि 'शूर सरदार येतो' हे दृश्य 'शूर सरदार बोट चोखतो' असं झालं. रीळ वाया घालवायचं नाही म्हणून मामाने ते तसंच ठेवलं.

ड्रॅगन बनवायचं काम शालिकरामकडे होतं. दर वर्षी पोळ्याच्या पाडव्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत आणि पिवळी मारबत या बाईच्या रूपातल्या दोन अवाढव्य मूर्ती, आणि त्यांच्यामागे बडगे, म्हणजे कागदा-बांबूचे अगडबंब पुतळे. वर्षभर जे जे छळतं त्याचा एक बडग्या करायचा, गळ्यात पाटी अडकवायची, "घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत गावभर फिरवायचा आणि शेवटी जाळून टाकायचा. असे बडगे करण्यात शालिकरामचा हात धरणारा कुणी नव्हता. चारुशीला शाळा सुटली की त्याच्या मांडवात जाऊन बसायची.

ड्रॅगन मस्तच होत होता. हिरव्या पतंगी कागदाची खवलं, सुपासारखे कान, बांबूचे पंख, आणि मान फिरवली की करकर वाजायची. फक्त पाठीवर एक भलामोठा उंचवटा होता.

"शालिकरामभाऊ, हे काय? ड्रॅगनला वशिंड?"

"आतमंदी बैल हाये ना वं," शालिकराम खळ लावता लावता म्हणाला. "वामनरावायनं गोडाउनातला जुना लाकडी बैल पाठवला. म्हणे, नवं लाकूड कायले घेतं, याच्यावरच चढव कागद. चाकं बी हायेत खाली. बरं झालं, ढकलाले सोपा."

"पण ड्रॅगनला वशिंड नसतं."

"तू पायला का ड्रॅगन?"

"नाही."

"म्या बी नाही. मंग असन बी."

चारुशीला जवळ सरकली. तिने ड्रॅगनच्या नाकावर हात फिरवला. तो तिच्याकडे काचेच्या गोट्यांच्या डोळ्यांनी बघत होता, एक गोटी निळी, एक पिवळी. इतका गरीब चेहरा तिने कुणाचाच पाहिला नव्हता, अनंताचासुद्धा.

त्याच वेळी मांडवात वामनराव आणि मामा आले. दोघांचे चेहरे असे उजळलेले की चारुशीला उठून ड्रॅगनच्या पुढे उभी राहिली.

"चारू, सुटला प्रश्न!" मामा म्हणाला. "शेवटच्या दृश्याला गाव पाहिजे होतं ना? हजारो माणसं, ढोल, आरडाओरड, जाळ! सगळं फुकट मिळतंय. मारबतीला!"

"काय मिळतंय?"

"आपला ड्रॅगन बडग्यायच्या रांगेत घुसवाचा," वामनराव म्हणाले. "नाईक तलावापाशी पब्लिक बडगे जाळते, तिथंच टिल्डा मशाल देते अनंताच्या हाती, आन् अनंता लावते ड्रॅगनले! खरा जाळ! असा सीन हॉलिवूडनं नाही पायला."

"टिल्डा देते? मशाल?" चारुशीलाचा आवाज फुटला. "मी? मी त्याला जाळायला मशाल देऊ?"

"मंग कोण, थापा?"

"मामा, तू तरी सांग ना गा यांना!"

मामाने छताकडे पाहिलं. "रंगीत रीळ एकच उरलंय, चारू. तेही त्यांचंच. आणि स्पर्धेची तारीख..." पुढचं त्याने खवलांकडे बघत गिळून टाकलं.

चारुशीलाने त्या दिवशी घरी जाऊन पुस्तकाचं शेवटचं पान पुन्हा वाचलं. या वेळी ती रडली नाही. तिला संताप आला. जगातल्या सगळ्या मुलांनी मिळून ज्याला आजवर वाचवलं, तो नागपुरात येऊन मरणार? आणि तोही तिच्या हातून?

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी मारबत निघाली आणि महाल नुसता उसळला. छपरांवर माणसं, ओट्यांवर माणसं, झाडांवर पोट्टे. पिवळी मारबत पुढे, बायका तिची पूजा करतायत, मागे बडगे. सगळ्यांत मोठा बडग्या होता रॉकेलच्या टंचाईचा. हातात रिकामा डबा, पोट खपाटीला गेलेलं. त्याच्या मागे आपला ड्रॅगन. पाहता पाहता लोकांना तो इतका आवडला की कुणीतरी 'महागाई' अशी पाटी लिहून त्याच्या गळ्यात अडकवलीसुद्धा.

"महागाई घेऊन जा गे मारबत!" गर्दी गरजली.

"घेऊन जा गे मारबत!" मामाही हातगाडीवर उभा राहून ओरडला आणि त्याचा कॅमेरा हलला.

चारुशीला शेंदरी डागांचा फ्रॉक घालून ड्रॅगनच्या बाजूने चालत होती. अनंत दुसऱ्या बाजूला. त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं उलटं बांधलेलं.

"चारू," तो पातेल्याखालून म्हणाला, "मला नाही जाळायचं त्याला."

"मग सांग ना बाबांना!"

"तूच सांग. मी त्यांच्याशी फक्त जेवणाबद्दल बोलतो."

नाईक तलावापाशी मिरवणूक थांबली. तिथे मात्र निराळाच घोळ झाला होता. रॉकेलच्या टंचाईचा बडग्या जाळायला रॉकेलच नव्हतं! लोकांनी पालापाचोळा लावून पाहिला, तो नुसता धुमसला. रॉकेल होतं फक्त एका डब्यात, आणि तो डबा वामनरावांनी खास ड्रॅगनसाठी आणून पोटाशी धरला होता.

"आमचं शूटिंग होऊ द्या, मंग पाहू," ते लोकांना सांगत होते. "गिरिधर, तयार?"

"तयार! एकदाच होईल हं, दुसरं रीळ नाही!" मामाने डोळा कॅमेऱ्याला लावला. पाटा ओढल्याचा आवाज सुरू झाला. "टिल्डा, मशाल!"

कुणीतरी पेटती मशाल चारुशीलाच्या हातात दिली. गर्दी मागे सरली. ड्रॅगन एकटाच उभा राहिला, एक डोळा निळा, एक पिवळा. अनंतने एक हात पुढे केला आणि दुसऱ्या हाताने पातेलं डोळ्यांवर ओढून घेतलं.

चारुशीला हलली नाही.

"दे ना वं!" वामनराव ओरडले. "रीळ जाऊन राहिलं!"

काय करू, काय करू? तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आणि गर्दीच्या कडेला तिला दिसली चिल्लीपिल्ली. तान्हा पोळा ना त्या दिवशी! मुलं आपापले लाकडी बैल सजवून, चाकांवर ओढत, बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, मागायला घरोघर हिंडत होती. बैलांना झूल, बैलांना घुंगरमाळा, बैलांना चाकं...

चाकं! आणि वशिंड!

त्याच बाजूला सायकलरिक्षात वामनरावांची आई प्रयागबाई बसल्या होत्या. मारबतीच्या पूजेचं ताट आणि पुरणपोळीचा डबा मांडीवर घेऊन नातवाचा पराक्रम बघायला आल्या होत्या.

चारुशीलाने मशाल गर्दीत पुढेच उभ्या असलेल्या थापाच्या हातात कोंबली, फ्रॉक खोचला आणि सरसर ड्रॅगनच्या पाठीवर चढली.

"अरे, हे पुस्तकात आहे का?" वामनरावांनी मामाला विचारलं.

"माहीत नाही," मामा कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाला. "मी कुठे वाचलंय?"

तिने दोन्ही हातांनी उंचवट्यावरची खवलं ओरबाडली. हिरवा कागद फरफर फाटला आणि खालून वशिंड निघालं. पिवळंधमक! कित्येक वर्षं पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तूप चोळून चोळून लाकडाचा रंगच तसा झालेला.

"आजी!" चारुशीला बेंबीच्या देठापासून ओरडली. "आजी, हा बैल ओळखता का?"

प्रयागबाई रिक्षातून उतरल्या. ताट तसंच हातात. गर्दी आपोआप बाजूला झाली. त्यांनी जवळ येऊन वशिंडावर हात ठेवला आणि वळल्या.

"वामन्या!"

वामनरावांचा लिलावातला आवाज कुठे गेला कोण जाणे. "काय, माय?"

"हा आपला नंदी होय ना बे?"

"होय. पण थो आता ड्रॅगन आहे, माय."

"तुह्या बापानं हौसेनं करून घेतला होता हा. याच्या पाठीवर बसून तू येवढा झाला. आन् पोळ्याच्या पाडव्याले बैल जाळून राहिला?"

"माय, आंतरराष्ट्रीय पिच्चर आहे हा..."

"आंतरराष्ट्रीय असन तुह्या घरी!" प्रयागबाई कडाडल्या. ते घर त्यांचंच होतं ही गोष्ट वेगळी. "म्या जिवंत आहे तोवर या बैलाले काडी लावून दाखव!"

बैल! हा शब्द गर्दीत वाऱ्यासारखा पसरला. ज्यांनी आत्ता आत्ता 'जाळा जाळा' म्हणून घसा कोरडा केला होता त्यांनी पटापट चपला काढल्या आणि हात जोडले. पोळ्याला बैल जाळायचा म्हणजे काय! पण तेवढ्यात शालिकरामच पुढे आला आणि त्याने डोकं खाजवलं.

"बाकी ठीक, पण हा महागाई घेऊन निघाला ना. बडग्या घरी वापस नाही नेत. नेला तं महागाई बी घरी येईन."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. खरंच की! बैल म्हणून जाळता येईना आणि बडग्या म्हणून परत नेता येईना. दोन म्हातारे तावातावाने भांडू लागले. एक म्हणाला, अर्धाच जाळा, पंख तेवढे. दुसरा म्हणाला, मग महागाई अर्धीच जाईल. वामनरावांचा चेहरा खुलला.

"पाहा! जाळाच लागते. नियम म्हणजे नियम!"

चारुशीलाने ड्रॅगनच्या गळ्यातली पाटी ओढून काढली. पाठीवरून उडी मारली ती थेट रॉकेलच्या टंचाईपुढे. त्या खपाटीच्या पोटाच्या बडग्याला तिने ती दुसरी पाटी अडकवून दिली.

"घ्या! हा दोन्ही नेईल!"

सगळ्या माना तिकडे वळल्या. मग शालिकरामने बडग्याला वरखाली न्याहाळलं.

"नेईन," तो म्हणाला. "बांबू मजबूत वापरला म्या."

मग काय विचारता! वामनरावांनी पोटाशी धरलेला डबा लोकांनी कधी काढून घेतला ते त्यांनाही कळलं नाही. टंचाई आणि महागाई एकदमच पेटली. धडाधड ढोल वाजले. "घेऊन जा गे मारबत!" या गजरात नागपुरातलं ते बहुतेक शेवटचं रॉकेल रॉकेलच्याच टंचाईवर खर्च झालं, आणि कुणाला त्यात काही गैर वाटलं नाही.

प्रयागबाईंनी ताटातलं निरांजन लावलं. ड्रॅगनच्या कपाळी कुंकू लावलं, खवलांवर अक्षता टाकल्या आणि ओवाळू लागल्या. तलावावरून वारा सुटला. ज्योत लवली, विझणार असं वाटलं. तेव्हा थापाने एका हातात मशाल तशीच धरून दुसऱ्या हाताने ड्रॅगनचा एक पंख पुढे वाकवला आणि वाऱ्याला आड केला. दुसरा पंख अनंतने धरला. त्याला पातेल्यामुळे नीट दिसत नव्हतं, तरी धरला. पंखांच्या आत ज्योत सरळ झाली.

चारुशीला तोंड उघडं टाकून बघतच राहिली.

"रीळ संपत आलं!" मामा हातगाडीवरून किंचाळला. "चारू, पाटी! शेवटची पाटी!"

पाटी तयारच होती. वामनरावांनी स्वतः उभं राहून तिच्याकडून इंग्रजीत लिहून घेतलं होतं, 'आणि दुष्ट ड्रॅगन मेला'. चारुशीलाने ते बाहीने खसाखसा पुसलं. बाही शेंदरी, पाटीही थोडी शेंदरी झाली. खडू घेऊन तिने पाठ असलेलं वाक्य लिहिलं, जसंच्या तसं, त्या पुस्तकातलं. तो दिवा मग कुणीही विझवला नाही. आणि पाटी कॅमेऱ्यापुढे धरून उभी राहिली. तिच्या मागे ड्रॅगनच्या तोंडाला प्रयागबाई पुरणपोळी लावत होत्या.

कॅमेऱ्याचा आवाज थांबला.

"आलं?" तिने विचारलं.

"आलं," मामा म्हणाला. "थोडं उजवीकडे कललंय."

वामनराव कपाळाला हात लावून दगडावर बसले होते. "फॉरेनच्या लोकायले काय समजणार याच्यातलं? आधी चिमणी, मंग राख, मंग बोट चोखणारा हीरो, आन् शेवटी ड्रॅगनची पूजा!"

"बराबर समझेगा, सेठजी," थापा म्हणाला. "मैं समझ गया ना."

वामनरावांनी पान लावायला घेतलं.

राहिला प्रश्न ड्रॅगन ठेवायचा कुठे. तान्ह्या पोळ्याचा बैल तर घरीच परत जातो. तेव्हा सगळी वरात संत्र्याच्या गोदामाकडे निघाली. अनंत आणि चारुशीला दोर ओढत होते, चिल्लीपिल्ली आपापले बैल घेऊन मागे, आणि वाटेत घरोघरी बायका ड्रॅगनच्या चाकांवर पाणी घालत होत्या. गोदामाचं दार आलं आणि पंख अडकले. एक इकडे, एक तिकडे. ढकलून पाहिलं, तिरकं करून पाहिलं, काही केल्या आत जाईना.

शालिकरामने कमरेची सुरी काढली. "बुढीमाय, पंख काढून टाकतो. तसंबी बैलाले कायले पायजेत?"

चारुशीला धावली. ती टिल्डासारखी दारात आडवी उभी राहायच्या बेतात होती. पण प्रयागबाईंनीच हात वर केला.

"राहू दे, शालिकराम. वामन्या, दार मोठं करून घे."

"माय! दाराची भिंत फोडू?"

"फोड. म्हातारा झाला आता थो," प्रयागबाई ड्रॅगनच्या नाकावरून हात फिरवत म्हणाल्या. "उद्या उडावं वाटलं त्याले, तं?"